टाउन्सव्हिलचा फुटका सेंट्रीफ्यूज

मित्रांनो, माझं फाटलेलं पोट पाहून घाबरू नका. मी ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या एका प्रयोगशाळेतला जुना सेंट्रीफ्यूज आहे. पोटातल्या जड धातूच्या रोटरमध्ये नळ्या खोचून घ्यायच्या आणि त्या गरगर फिरवायच्या, हे माझं काम.

तेव्हा एका विषाणूने घोडे तडफडून मरत होते. माझ्यावर काम करणाऱ्या संशोधक ब्रॉनविनच्या भावाचे सात घोडे नाकातोंडातून रक्त ओकत गेले. त्यांची सेवा करता करता भाऊही गेला. त्या विषाणूची कोणती दोन प्रथिनं एकमेकांना धरून असतात, हे तिला शोधायचं होतं. ती पकड सोडवता आली, तर विषाणू लुळा पडला असता.

नळीत साखर आणि थोडं मीठ घातलेल्या पाण्याचे थर असत. त्यावर ती प्रथिनं ओतायची. मी फिरलो की सुटी प्रथिनं वर रेंगाळत आणि एकमेकांना धरलेली जोडी खोल उतरे.

"शाबास रे पठ्ठ्या!" म्हणत ती माझ्या झाकणावर थाप मारायची. रोटर पुसायचं मात्र राहून जायचं. सांडलेल्या खारट पाण्याने धातू कुरतडला जात होता.

एका सकाळी आमचा फिजीचा म्हातारा तंत्रज्ञ मालाकाई रोटर उजेडात धरून म्हणाला, "पोरी, चीर पडलीय. हा आता फेकायचा."

"तुझ्या चष्म्याला पडली असेल, म्हाताऱ्या!"

"थट्टा नको. नवा मागव."

"सहा आठवडे लागतील. तोवर घोडे मरायचे थांबणारेत का? ही एकच फेरी."

तिने बटण दाबलं.

वेग चढला आणि रोटर फुटला. त्याच्या तुकड्यांनी माझी पोलादी भिंत फाडली. मी उडून भिंतीवर आदळलो. मालाकाईने ब्रॉनविनला ढकललं आणि एका तुकड्याने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तोडून नेली. नळ्यांत जिवंत विषाणू नव्हता, नुसती प्रथिनं होती. फरशीवर वाहत होतं ते मालाकाईचं रक्त.

ब्रॉनविन त्याचा पंजा डगल्यात आवळून किंचाळत होती.

"रडतेस काय?" तो दात आवळून म्हणाला. "बोटं शोध."

दोन सापडली. जोडता एकही आलं नाही.

वर्षभराने नव्या यंत्रात ती जोडी खोल उतरली. औषधाची वाट दिसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालाकाईला मात्र त्या वाजवता आल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आमच्या अंगावरची चीर ज्याला दिसते, त्याचं तरी ऐका.

आता मी दाराशी ठेवलेला असतो. नवी मुलं विचारतात, "या यंत्राने बोटं तोडली ना?"

ब्रॉनविन म्हणते, "नाही. मी तोडली."