दाराबाहेरच्या खुंटीवरची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी टोपी आहे, आणि माझी गंमत अशी की डोक्यावर बसण्यापेक्षा डोक्यावरून उतरण्यासाठीच माझी जास्त ओळख आहे. कुणी कुणाला फसवले की तुम्ही लोक ‘टोपी घातली’ म्हणता. ही आमच्या अख्ख्या घराण्याची बदनामी आहे, पण मी ती मनाला लावून घेत नाही. मला आयुष्यात इतके चांगले मिळाले आहे की तक्रार करायला बसले तर माझ्याच शिवणी मला हसतील.

माझा जन्म एका खिडकीपाशी झाला. खिडकीला लागून शिलाई मशीन, शेजारी कात्री आणि खडू, आणि मशीनवर बसलेली एक नवी नवरी. तिला मी आई म्हणते, कारण मला तिनेच बेतले आणि तिनेच शिवले. ती लोकांचे कपडे शिवून द्यायची. कुणाच्या तरी कोटातून उरलेला लोकरी तुकडा त्या गिऱ्हाइकाने तिलाच ठेवून घ्यायला सांगितला, त्यातून माझा बाहेरचा भाग झाला. अस्तराला तिने निळे सुती कापड घेतले, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचे. त्याच कापडातून तिने आधी स्वतःच्या डोक्याला बांधायचा रुमाल कापला होता. म्हणून तो रुमाल माझा थोरला भाऊ. थोरलेपणाचा तोरा त्याने कधी सोडला नाही, पण त्याचा माझ्यावर जीव होता.

आई मला घेऊन नवऱ्याकडे गेली. तो बेकरीवाला होता. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, रुंद हात, आणि डोक्यावर काळेभोर दाट केस. त्याने मला घातले, आरशात पाहिले आणि म्हणाला, “अगं, ही तर मापात आहे!”

“मी काय डोळे मिटून शिवते का?” आई म्हणाली, आणि दोघे हसले. माझे पहिले कौतुक ते.

या घराची एक पद्धत होती. जेवायला बसले की बेकरीवाला मला काढून खुर्चीच्या पाठीला अडकवायचा, आणि त्याच वेळी आई माझ्या भावाला डोक्यावर घ्यायची. एक हात खाली यायचा, एक हात वर जायचा. मग तो मोठ्याने देवाचे आभार मानायचा आणि ती ‘आमेन’ म्हणायची. रविवारी उपासनेला गेले की तेच. चर्चच्या दाराबाहेर भिंतीला लाकडी खुंट्या होत्या, खाली एक बाक. दारालगतची खुंटी माझी. मला तिथे टांगून तो उघड्या डोक्याने आत जायचा, आणि माझा भाऊ आईच्या डोक्यावर बसून ऐटीत आत जायचा.

म्हणजे बघा, एकाच कापडाची आम्ही दोन भावंडे, तो आत आणि मी बाहेर! सुरुवातीला मला याचा राग यायचा. पण घरी स्वयंपाकघराच्या दारामागे आम्ही एकाच खिळ्यावर असायचो, तेव्हा तो मला आतले सगळे सांगायचा. चर्चच्या पाळकसाहेबांनी शास्त्रातून शिकवलेले त्यानेच मला शिकवले. “प्रार्थना करताना बाईनं मस्तक झाकावं आणि पुरुषानं उघडं ठेवावं, असं बायबलात प्रेषितानं लिहिलंय,” तो म्हणायचा. “पत्नीचं मस्तक पती, आणि पतीचं मस्तक ख्रिस्त. मी डोक्यावर असणं ही जशी आईची खूण, तसं तू डोक्यावर नसणं ही त्याची खूण. तू उतरलीस की तो म्हणतो, माझ्याही वर कुणीतरी आहे.”

तेव्हापासून खुंटीवर माझी मान ताठ झाली. नुसती टांगलेली असूनही मी कामावर आहे, हे मला कळले.

आईला रुमाल बांधायला आवडायचे. एकदा शेजारणीने विचारले, “तुला जाच नाही वाटत?” आई म्हणाली, “मशीनची खडखड, गिऱ्हाइकांची घाई, पोरीचा अभ्यास, दिवसभर डोक्यात बाजार भरलेला असतो. रुमाल बांधला की बाजार उठतो. मग मी आणि देव.” हे ऐकून माझा भाऊ आठवडाभर फुगून बसला होता.

बेकरीवाल्याचे मात्र वेगळे होते. तो मनाने वाईट नव्हता. कष्टाळू होता, प्रामाणिक होता, कुणाचे वाईट चिंतत नव्हता. पण नियम म्हटला की तो हातात पट्टी घेतल्यासारखा उभा राहायचा, आणि त्या पट्टीने बहुतेक वेळा बायकोचे आणि लेकीचे डोके मोजले जायचे. घरात मोठ्याने प्रार्थना त्यानेच करायची, हेही त्यानेच ठरवलेले.

एका रविवारी त्यांची लेक एकटी गाणार होती. शाळकरी पोर, आठवडाभर बेकरीत पोत्यावर बसून गीत घोकत होती. त्या सकाळी घाईत ती रुमाल घरी विसरली. दारात बेकरीवाला थांबला. “रुमाल कुठाय?”

“बाबा, राहिला. आज असूदे ना.”

“आज असूदे, उद्या असूदे. जा घरी आणि घेऊन ये.”

घर लांब होते. पोर परत येईपर्यंत गाणे होऊन गेले असते. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आई पुढे झाली. तिने स्वतःच्या डोक्यावरून माझ्या भावाला सोडले, लेकीच्या डोक्याला बांधले, गाठ नीट केली आणि म्हणाली, “जा, गा.” आणि स्वतः बाहेरच्या बाकावर, माझ्या खाली येऊन बसली. बेकरीवाला क्षणभर घुटमळला. नियम तर पाळला गेला होता. तो आत गेला.

आतून पोरीचा आवाज येऊ लागला. आईने डोळे मिटले आणि हात वर करून माझी कड धरली, जसे कुणी सोबतीला धरावे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की खुंटीवरची जागा काही कमी नाही.

वर्षे गेली. माझी लोकर पातळ झाली, कड उसवली, आईने ती दोनदा शिवली. लेक मोठी झाली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली.

मग तो दिवस आला. भट्टी पेटवताना बेकरीवाला आत वाकला आणि एकदम भडका उडाला. कामाच्या वेळी तो मला दाराशी टांगायचा, त्यामुळे मी सगळे पाहिले आणि काहीच करू शकले नाही. त्याचा जीव वाचला. डोळे वाचले. मी त्याबद्दल रोज देवाचे आभार मानते. पण डोक्याची एक बाजू भाजून निघाली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा तिथली कातडी ताणलेली, लाल, सुरकुतलेली होती. तिथे एकही केस पुन्हा उगवला नाही, आणि कान आक्रसून गेला होता.

घरी आल्यावर त्याने पहिली मागितली ती मी.

मित्रांनो, त्यानंतर मी त्याच्या डोक्यावरून उतरलेच नाही. दुकानात, रस्त्यात, जेवताना, कधी कधी झोपतानाही. फक्त मलम लावायला आई मला काढायची, दार लावून. तुम्ही म्हणाल, टोपीला याहून मोठा मान कोणता? खरे आहे. पण हा मान मला गोड लागला नाही. मला धरून ठेवणारे ते हात घाबरलेले होते, आणि मी त्याची टोपी राहिले नव्हते, त्याचे दार झाले होते, आतून कडी लावलेले.

आणि जेवणाच्या टेबलावर शांतता आली. टोपी घालून प्रार्थना करायची नाही हा त्याचाच नियम, आणि टोपी काढायची हिंमत नाही. त्यामुळे तो प्रार्थनाच करेना. आई रुमाल डोक्यावर घ्यायची, वाट बघायची. मग ओठ नुसते हलवायची आणि वाढायला घ्यायची. रविवारी तो घरीच राहू लागला. मी खुंटी विसरत चालले.

अशात लेकीचे लग्न ठरले. मुलगा चांगला, घर चांगले, लग्न आपल्याच चर्चमध्ये. बापाने हात धरून लेकीला आत न्यायचे. ते ऐकले आणि बेकरीवाल्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

पाळकसाहेब घरी आले. भला माणूस. म्हणाले, “काका, टोपी घालूनच या. देवाला सगळं ठाऊक आहे, आणि मंडळीत कुणी एक शब्द काढणार नाही.”

बेकरीवाल्याने मला कानावर आणखी खाली ओढले. मग म्हणाला, “पाळकसाहेब, एका रुमालासाठी मी माझ्या पोरीला दारातून परत पाठवत होतो. तिला नियम आणि मला सवलत? कोणत्या तोंडानं घेऊ?”

“मग टोपी काढून या.”

“लोक नवरी बघायला येणार की माझं डोकं? तिच्या दिवशी तिला हा तमाशा नको. तिचा मामा नेईल तिला आत. मी बाहेर बसतो.”

आईने पुष्कळ समजावले. काही उपयोग झाला नाही.

लग्नाच्या दिवशी तो नवा कोट घालून आला आणि दाराबाहेरच्या त्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्या डोक्यावर. माझी खुंटी माझ्या अगदी वर, रिकामी. आत बाजा वाजू लागला. नवरी आली, मामाचा हात धरून, आई मागोमाग. बाकापाशी नवरी थांबली. मामाचा हात तिने सोडला.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी आई इथंच बसली होती. मी आत गात होते, पण माझं सगळं लक्ष या दाराकडं होतं. आज तुम्ही इथं बसलात तर माझं निम्मं लग्न दारातच राहील.”

“अगं, पण हे डोकं...” त्याचा हात माझ्यावर आला. घट्ट. त्याने आईकडे पाहिले. आयुष्यभर सांगत आलेला तो माणूस म्हणाला, “मला समजत नाही गं. तू सांग. तू म्हणशील तसं.”

आई त्याच्या समोर वाकली. “तुम्ही सांगत आलात आणि मी डोकं झाकत आले. ओझं म्हणून नाही, आवडीनं. आज मी सांगते. उघडा. ज्याच्यापुढं उघडायचं, ते भाजलं त्याच दिवशी त्यानं पाहिलंय. राहिले लोक. त्यांच्याकडं मी बघते.”

तो हसला. रडत हसला. मग त्याने मान खाली घातली. त्या उंच माणसाने बायकोपुढे मान खाली घातलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. आईने दोन्ही हातांनी मला अलगद उचलले, मलम लावताना उचलायची तसे.

तिचा हात खुंटीकडे गेला. पण तिथे ती थांबली. तिने मला टांगले नाही. छातीशी धरले आणि त्याच्या मागोमाग आत चालू लागली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आत गेले! भावाने सांगितलेले सगळे तिथे होते. लांब बाक, उंच खिडक्यांतून पडलेले ऊन, समोरचा साधा लाकडी क्रूस. पण मला दुसरेच काही दिसले. मी जन्मभर ज्या डोक्यावर बसले, ते डोके भाजल्यानंतर मी आज पहिल्यांदा लांबून पाहत होते. एका बाजूला पिकलेले केस, एका बाजूला ती लाल कातडी, आणि खांद्याला लागून लेकीचा पांढरा पदर. लोकांनी पाहिले. का पाहू नये? त्याने कानावर हात नेला नाही. पाळकसाहेब नवरदेवाला सांगत होते की पत्नीचे मस्तक होणे म्हणजे ख्रिस्ताने आपल्या भक्तमंडळीसाठी केले तसे तिच्यासाठी स्वतःला देणे. पहिल्या बाकावर एक उघडे डोके हळूच हलले. आईच्या डोक्यावरून माझ्या भावाने खाली पाहिले आणि कधी नव्हे तो गप्प बसला.

आता मी फार जुनी झाले आहे. उन्हात निघाला की तो मला घालतो, घरात आला की काढतो. दाराची कडी निघाली, मी पुन्हा टोपी झाले. तुमच्या घरीही एखादी जुनी टोपी किंवा रुमाल असेल. तो चिंधी म्हणून फेकण्याआधी एकदा घडी उघडून बघा, आत कुणाचे तरी हात सापडतील. आणि कुणाचे डोके मोजायला निघालात, तर आधी स्वतःची टोपी उतरवून बघा. एवढेच माझे मागणे.

लग्नाच्या त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दोघेच जेवायला बसले. त्याने मला काढून खुर्चीच्या पाठीला अडकवले. आईने माझ्या भावाला डोक्यावर घेतले आणि नेहमीसारखी वाट बघू लागली. तो काही बोलेना. मला वाटले, झाले, पुन्हा तेच.

“अगं,” तो म्हणाला, “मी पुन्हा वाचलं ते. बाईनं मस्तक झाकून प्रार्थना करावी, असं लिहिलंय. गप्प बसावं असं त्या ओळीत नाही. इतकी वर्षं मी निम्मंच वाचत होतो. आज तू कर. मोठ्यानं.”

आईने घसा साफ केला. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मला कान द्यावे लागले. मग तो मोकळा झाला. तिने भट्टीचे आभार मानले, मशीनचे मानले, लेकीचे मानले, आणि समोरच्या डोक्याचे मानले, भाजलेल्या बाजूसकट.

शेवटी ‘आमेन’ तो म्हणाला.