दुधात कुस्करलेला ब्रेड

आमच्याकडे विकतचा ब्रेड घरात आला तर ते घर बुडालं असं समजायचे. मेयो परगण्यातल्या आमच्या टापूत बाईची पारख तिच्या सोडा ब्रेडवरून होते. आई रोज सकाळी ताकात पीठ आणि खायचा सोडा कालवायची, गोळ्यावर सुरीने क्रूस ओढायची आणि भाजून झालेला ब्रेड फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवायची. त्या वासाने टपालवाला सायकल लावून आत यायचा, मग आमच्या नावचं पत्र असो वा नसो. अशा बाईला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गॉलवे शहरातले डॉक्टर म्हणाले की गहू हे तुमचं विष आहे. मला तर हसूच आलं. मग त्यांनी तिच्या हाडांचे फोटो दाखवले आणि माझं हसू जिरलं.

आईचं पोट नाजूक आहे हे आम्ही जन्मापासून ऐकत आलो होतो. तिच्या माहेरी सगळ्यांचंच नाजूक होतं. रक्त कमी, वजन कमी, जेवण झालं की पोट धरून खुर्चीत बसायचं, याला कोणी आजार म्हणत नसे. कोंबड्यांची बादली खाली ठेवताना तिचं मनगट मोडलं आणि एका क्षुल्लक निमित्ताने सगळं बाहेर आलं. सिलिअ‍ॅक नावाचा आजार. आतड्याचं अस्तर झिजून सपाट झालेलं. गहू, बार्ली, राय ही धान्यं कायमची बंद. आणि हे रक्तातून चालत येतं, तेव्हा मुलांनीही तपासून घ्यावं.

आईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"तान्ह्या पोरांना होतं का हे?"

"होतं ना. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, हातपायाच्या काड्या होतात, पोर सारखं किरकिरतं. हल्ली लवकर लक्षात येतं, त्यामुळे काळजी नसते."

आईने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट ओढून बसवलं, आणि घरी पोचेपर्यंत गाडीत चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, ब्रेड गेला म्हणून रुसली असेल.

माझी तपासणी स्वच्छ निघाली. धाकटा भाऊ फिन्टन गेलाच नाही. "चाळीस वर्षं रोज अर्धा ब्रेड हाणतोय मी," तो म्हणाला. "मला काय धाड भरलीय?" धाड कोणाला भरते हे आधी कळत नाही, असं मी त्याला सुनावलं. मी शाळेत मास्तरीण आहे, लग्न केलं नाही, आईबरोबर राहते. त्यामुळे घरात माझ्या बोलण्याला शाळेतल्यापेक्षा जास्त धार असते, असं फिन्टन म्हणतो.

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. आईसाठी वेगळा टोस्टर, वेगळी लोण्याची बशी, कापायचा वेगळा लाकडी पाट, चमच्यांना लाल चिकटपट्टी. माझ्या ब्रेडचा कण तिच्या लोण्यात गेला तरी नडतं, म्हणून शेवटी मी माझ्यासाठीही घरात ब्रेड आणणं बंद केलं. चर्चमध्ये तिच्यासाठी गहू जवळजवळ काढलेली वेगळी प्रसादाची पापडी फादर छोट्या डबीत आणू लागले. शेजारची मंडळी वळून बघायची, पण आई मान खाली घालून ती घ्यायची. तांदळाच्या पिठाचा ब्रेड मी कितीदा करून पाहिला. तो कापला की वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळायचा. आई तो मुकाट्याने खायची आणि छान झालाय म्हणायची. माझी आई दुसऱ्या बाईच्या ब्रेडला छान म्हणते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कारण सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडे होते तिथेच. आहारवाल्या बाईंनी मला विचारलं, "घरात नक्की काळजी घेता ना?" मला भयंकर राग आला. मी फडकी उकळली, पाट जाळला. मग एका सोमवारी आईचा एप्रन धुवायला टाकताना खिसा उलटा केला, आणि त्यातून ब्रेडचा चुरा पडला. तपकिरी, गव्हाचा.

"चोरून खातेस तू," मी म्हणाले.

"खाते."

"कुठून आणतेस?"

"नोरीनकडून. चर्चमधून येताना. रोज एक तुकडा देते ती."

"मी इथे चमच्यांना पट्ट्या लावत बसलेय आणि तू शेजारणीकडे भीक मागून विष खातेस? लहान पोर आहेस का?"

"नाही," आई म्हणाली. "लहान पोर नाही मी." आणि एप्रन माझ्या हातातून घेऊन बादलीत बुडवला. त्यानंतर किती तरी दिवस आम्ही एकमेकींशी फक्त हवेबद्दल बोललो. मायलेकी एका घरात हवेवर वर्ष काढू शकतात, आमच्या गावात तशी उदाहरणं आहेत.

त्याच हिवाळ्यात फिन्टन आणि त्याची बायको ग्रॉन्या दर रविवारी साइवला घेऊन यायला लागले. साइव दीड वर्षाची. पहिल्या वाढदिवसाला गुटगुटीत होती, आता उतरली होती. ग्रॉन्या म्हणायची, दात येतायत. फिन्टन म्हणायचा, आमच्या घरचं पोट नाजूक. मी पण मान हलवली. डॉक्टरांचे शब्द मी स्वतः ऐकले होते, पण आपल्या घरातल्या पोरीवर ते लावून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

आई मात्र साइवला घेईना. नात खोलीत आली की ती भांडी घासायला उठायची. पोर दोन्ही हात वर करून तिच्या खुर्चीपाशी उभी राहायची, आणि आई खिडकीबाहेर बघायची. ग्रॉन्याचे डोळे भरून यायचे. "तुझ्या आईला मी आवडत नाही ते कळतं मला," ती मला म्हणाली, "पण पोरीने काय केलंय?" मला आईची लाज वाटली.

मग तो रविवार आला. साइवने दोन दिवस पोटात काही ठेवलं नव्हतं. फिन्टनच्या खांद्यावर ती रडत होती. रडायची ताकदही संपलेली होती, नुसतं कण्हणं.

"आई," फिन्टन म्हणाला, "आम्ही आजारी पडलो की तू गुडी करायचीस ना? तशी कर जरा. हिला गोड लागेल."

गुडी म्हणजे शिळा ब्रेड कुस्करून वर गरम दूध आणि साखर. आजारी पोराला ती द्यायची, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. मी लहानपणी गुडीसाठी खोटा खोटा ताप काढायची. ग्रॉन्या पिशवीत साइवसाठी ब्रेड घेऊन आलीच होती. तिने दूध तापत ठेवलं, वाटीत ब्रेड कुस्करला, साखर घातली, आणि वाटी आईपुढे धरली.

"तुम्ही भरवा. तुमच्या हातून खाईल."

आईने वाटी घेतली. पोरीकडे पाहिलं. साइवने वाटीकडे पाहून तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली. आई उठली, मोरीपाशी गेली आणि वाटी पालथी केली.

"हिला ब्रेड देऊ नका," ती म्हणाली. "हिचं पोट बघा. ब्रीडाचं असंच होतं."

ब्रीडा आमची थोरली बहीण. मी जन्मायच्या आधी, दोन वर्षांची असताना गेली. छातीत सर्दी भरली, असं आम्हांला सांगितलेलं. दर नोव्हेंबरात आम्ही तिच्या थडग्यावर फुलं ठेवायचो. त्यापलीकडे तिचं नाव घरात निघत नसे.

"छातीचं नव्हतं काही," आई म्हणाली. ती मोरीकडे तोंड करूनच बोलत होती. "नुसती झिजत गेली. पोट एवढं, आणि पाय हे एवढेसे. नर्स म्हणाली, अशक्त आहे, खाऊ घाला. मी गुडी करायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. ती तोंड मिटून घ्यायची. मग मी तिचं नाक दाबायची. श्वासासाठी तोंड उघडलं की चमचा आत."

ग्रॉन्याने साइवला फिन्टनच्या खांद्यावरून स्वतःकडे घेतलं.

"तिला कळत होतं," आई म्हणाली. "दोन वर्षांच्या पोरीला कळत होतं. मलाच कळलं नाही."

त्याच आठवड्यात साइवला तपासणीला नेलं. फिन्टनने स्वतःचंही रक्त दिलं, आणि ज्याला काही धाड भरली नव्हती त्या माझ्या भावाच्या रक्तातही तेच निघालं. पण पोरीचं पक्कं व्हायला गॉलवेच्या मोठ्या डॉक्टरांची तारीख हवी होती. तोवर तिचा ब्रेड बंद करू नका, असं सांगितलं. गहू थांबवला तर तपासणीत काही दिसत नाही. थोडा थोडा रोज द्यायचाच. ग्रॉन्या पोरीला टोस्टचे तुकडे भरवायची आणि भरवताना रडायची. एकदा ते आमच्याकडे असताना आईने हे पाहिलं. ती कोट न घालता पावसात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन उभी राहिली. मी छत्री घेऊन गेले.

"हे असं द्यावंच लागतं, आई. थोडेच दिवस."

"मला माहितीय," ती म्हणाली. "मला बघायला लावू नका, एवढंच."

छत्रीखाली आम्ही दोघी चिकटून उभ्या होतो. तेव्हा मी विचारलं, "नोरीनकडचा ब्रेड तू ब्रीडासाठी खातेस?"

"मी फादरना सगळं सांगितलं होतं. कन्फेशनला. ते म्हणाले, तुम्हांला माहीत नव्हतं, त्यामुळे हे पापच नाही. भला माणूस आहे. पण पाप नाही म्हटल्यावर प्रायश्चित्त देणार कोण? मग माझं मीच घेतलं. तिला जे घातलं ते मी खाते. तिला जसं दुखलं तसं मला दुखतं."

"आणि माझं काय? मी तुला जगवायला धडपडतेय त्याचं?"

"तू चांगली पोर आहेस," आई म्हणाली. जणू मी परीक्षेत पास झाले होते. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही.

तपासणीत साइवचंही तेच पक्कं झालं, तिचा गहू थांबला आणि वसंतात पोर बदलली. आधी चिडचिड गेली, मग पोट उतरलं, मग गालांना रंग चढला. मेमध्ये ती कोंबड्यांच्या मागे धावायला लागली. फिन्टन तिला वजनकाट्यावर उभं करून आम्हांला ओरडून आकडा सांगायचा. आम्ही सगळे हसायचो. आईसुद्धा तोंडभर हसायची, आणि मग आत निघून जायची. पोर भरत गेली तशी आई उतरत गेली. हे मला उशिरा उमगलं. साइवचा प्रत्येक नवा गुबगुबीत महिना आईला एकच गोष्ट सांगत होता, की ब्रीडाला मरायचं कारण नव्हतं. फक्त तो चमचा थांबायला हवा होता.

नोरीनला मी सज्जड दम दिला. ती बिचारी ढसाढसा रडली, तिला काय माहीत. ब्रेड बंद झाला. पण तोवर आईला न खाण्याची सवय लागली होती. ऑक्टोबरात अंगणात पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं. रुग्णालयातून घरी आणली ती थेट पलंगावर; ती आता उठणार नव्हती. मी शाळेतून रजा घेतली.

एका दुपारी मी तिच्यासाठी तांदळाचं पीठ दुधात शिजवलं, साखर घातली, लाल पट्टीचा चमचा घेतला आणि पलंगावर बसले. दोन दिवस तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. "आई, एक घास," मी म्हणाले. तिने तोंड मिटलं. "माझ्यासाठी एक." तिने मान हलवली. मी चमचा ओठांना लावला. दूध हनुवटीवरून ओघळलं. ओठ घट्टच होते.

माझा डावा हात तिच्या नाकाशी गेला होता. मी तो तिथे नेला नव्हता, तो गेला होता. आईने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "आपोआप जातो."

मी हात मागे घेतला. त्या घटकेला तिने दोन घास खावेत आणि जगावं, एवढंच माझ्या मनात होतं, दुसरं काहीही नव्हतं. तुझं चुकलं नाही, तुझं चुकलं नाही, हे मी तिला वर्षभर सांगत आले होते. ते मला स्वतःला त्या दुपारी पहिल्यांदा पटलं. मी तसं म्हणालेही. पण तोवर तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. वाटीतलं दूध निवलं, वर साय धरली, तरी मी चमचा हातात घेऊन तिथेच बसले होते.