सखारामचा पाहुणा

कोपरीतल्या त्या घरात रविवारी जेवायला चार माणसं बसत आणि ताटं मांडली जात पाच. पाचवं ताट मेलेल्या माणसाचं.

मेलेला म्हणजे घरातला कुणी आजा-पणजा नव्हे. ख्रिस्ती घर ते, पितरांना घास टाकायची तिथं पद्धत नाही. आवडाबाईचा नवरा सखाराम तरुणपणी फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या गोळीनं पलीकडचा एक पोरगा पडला, त्याचं हे ताट. पोरगा खड्ड्यात पडून उजाडेपर्यंत पाणी मागत राहिला, आणि सखारामच्या कमरेला भरलेली बाटली होती. जवळ जायला तो भ्याला. बस, एवढंच. पण एवढंसुद्धा माणसाला जन्मभर पुरतं.

फौज सोडून सखाराम ठाण्यात आला. वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या लेथवर लोखंड कातत राबला आणि पुढे स्वतःचा गाळा घेतला, तोही बायकोच्या नावावर. पहिल्याच दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावून गाळ्यात प्रार्थना केली आणि सगळ्यांदेखत बोलला, "या मशीनवर माणसाच्या अंगात घुसणारी वस्तू होणार नाही. प्रभू ऐकतोय." मग पंपाचे दांडे केले, शिलाई मशीनचे भाग केले, चर्चच्या घंटेचा लोळासुद्धा केला. बंदुकीच्या भागांचं काम दारात आलं तसं परत गेलं. आणि रविवारी उपासनेहून आलं की तो खिडकीजवळच्या खुर्चीसमोर एक जास्तीचं ताट मांडी, पाण्याचा पेला काठोकाठ भरी, आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत शेवटी म्हणे, "आणि प्रभू, ज्याला आम्ही मारलं त्यालाही जेवू घाल."

आवडाबाईला हे कधी पटलं नाही. बाई चौथीत शाळा सोडलेली, पण तोंड उघडलं की भल्याभल्यांनी वाट बदलावी. "जिवंतपणी पाणी दिलं नाही, आता मटण वाढताय!" ती नवऱ्याला म्हणे. "तुमच्या या पाहुण्यानं माझ्या लेकराच्या तोंडचा घास पळवला." सखाराम ऐकून घेई आणि पेला पुन्हा भरे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सखारामला माती दिली त्यानंतरच्या रविवारी तिनं मुद्दाम चारच ताटं मांडली. ती, मुलगा प्रशांत, सून प्रीती आणि नात संचिता. रस्सा वाढता वाढता तिनं वर बघितलं, तर खिडकीजवळ पोरगा बसलेला. मिशी धड फुटली नव्हती. ओठांना पापुद्रे आलेले. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. बाकी कुणाला काही दिसलं नाही, सगळे खुशाल जेवत होते. आवडाबाई उठली, मांडणीवरून पाचवं ताट काढलं आणि त्याच्यापुढं आदळलं. नवऱ्यानं मागे काय ठेवलं, तर हे!

तेव्हापासून तो दर रविवारी. ती मनातल्या मनात त्याला दटावी. "बघतोस काय? खा. नाही तर नुसता वास घे." तो कधी खायचा नाही, पाण्यालाही हात लावायचा नाही. ती त्याला भीत नव्हती. पण शनिवारी मटण आणायला निघाली की पाय जड व्हायचे, हे मात्र खरं.

आणि मग गाळा बसला. मोठ्या कारखान्यांत आपोआप चालणारी मशीनं आली, लहान लेथला कोण विचारतो! प्रशांत सकाळी शटर उघडून दिवसभर पेपर वाचायला लागला. तशात सरहद्दीवर पेटलं. डोंबिवलीजवळ मानपाड्याला महिपतरावांचा मोठा कारखाना, त्यांना तोफगोळ्याच्या कवचांचं काम मिळालेलं, त्यातलं थोडं ते बाहेर द्यायला बघत होते.

"आई, गाळा तुझ्या नावावर आहे," प्रशांत म्हणाला. "तू हो म्हणालीस तर मशीन पुन्हा फिरेल. बाबांचा शब्द मला माहीत आहे. पण तुला तरी तो कधी पटलेला?"

"नाही पटला," आवडाबाई म्हणाली. "मेलेल्याच्या शब्दावर जिवंताची चूल पेटत नाही. बोलाव त्यांना रविवारी जेवायला."

महिपतराव आले. माणूस हसतमुख, नमस्कार चमत्कार रीतसर. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर मधोमध, भाकरीच्या टोपलीशेजारी उभं केलं. लखलखतं पोलाद, बिनतोंडाच्या बाटलीसारखं. "हे सॅम्पल बघा, प्रशांतभाऊ. असं उतरलं पाहिजे." आणि बोलता बोलता खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

प्रीतीचा वाढता हात थांबला. प्रशांतनं डोळ्यानंच खुणावलं, राहू दे. महिपतरावांनी समोरचा पेला उचलून एका दमात रिकामा केला. "काय ऊन आहे हो मावशी!"

आवडाबाईनं बघितलं, पोरगा उभा राहिला होता. इतक्या रविवारांत पहिल्यांदा उभा. शर्ट पोटापासून खाली ओला. तिला वाटलं, आता जाईल दाराकडे, सुटलो आपण. तो टेबलाला वळसा घालून आला आणि संचिताच्या खुर्चीमागे उभा राहिला. दोघं एकाच वयाची. बाईनं दोन्ही चेहरे शेजारी शेजारी बघितले.

"मावशी, तुमच्यात आधी प्रार्थना असते ना? करा की, आम्हीही हात जोडतो," महिपतराव अदबीनं म्हणाले.

तिनं डोळे मिटले. अन्नासाठी आभार मानले, हातापायांच्या बळासाठी मानले. सखारामच्या त्या शेवटच्या वाक्याशी आली आणि तिची जीभ अडली. जन्मात कधी, कुणासमोर न अडलेली जीभ! तिनं डोळे उघडले.

"महिपतराव, हे पडतं तिथं कोण असतं?"

"दुश्मन, मावशी. दुसरं कोण?"

"केवढा असतो?"

ते हसले. "गोळ्याला थोडंच कळतं कोण केवढा ते!"

"म्हणजे पोरंसोरंही."

"असतील. पण तिकडचीच ना!"

"हाही तिकडचाच आहे," आवडाबाई म्हणाली.

"कोण हा?"

"आई!" प्रशांत ओरडला.

"ते उचला," ती म्हणाली. "ताटाशेजारून उचला आधी. जेवून जा, दारी आलेल्याला मी उपाशी पाठवत नाही. पण ही वस्तू माझ्या गाळ्यात यायची नाही."

महिपतरावांनी राग धरला नाही, उलट समजूत घातली. "मावशी, तुम्ही नाही केलं तर दुसरा कुणी करेल. तुमच्यामुळं लढाई का थांबणार आहे?"

"नाही थांबणार. माझ्या नवऱ्यानं तेव्हा पाणी दिलं असतं तरी थांबली नसती. पण द्यायला हवं होतं."

ते गेले. प्रशांत भरल्या ताटावरून उठला. "बाबा जन्मभर मेलेल्याला वाढत राहिले, आता तू सुरू कर. या घरात जिवंत कोण आहे ते कधी बघणार?"

बोलणं आवडाबाईचंच होतं, फक्त आता मुलाच्या तोंडून आलं होतं.

प्रशांतनं गाळ्याचं शटर ओढलं, किल्ली आईपुढं ठेवली आणि महिपतरावांच्याच कारखान्यात, मानपाड्याला, पगारावर लागला. काम तेच. रोज कवचं कातायची. गाळा स्वच्छ राहिला, मुलगा नाही राहिला. आवडाबाई त्याला अडवू शकली असती का? कर्त्या मुलाला, बायकापोरांच्या पोशिंद्याला कुठल्या तोंडानं अडवणार! ती नुसती त्याच्या डब्यात भाकरी बांधून देई.

पहिला रविवार आला. प्रशांत चर्चला आला नाही, पण जेवायला बसला. दोनदा साबण लावूनही हातांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. खिडकीजवळ पोरगा आपल्या जागी. आवडाबाईनं प्रार्थना केली आणि या वेळी जीभ न अडता म्हणाली, "ज्याला आम्ही मारलं त्यालाही जेवू घाल." प्रीतीचं आमेन आलं, संचिताचं आलं. प्रशांतचं आलं नाही. आणि सगळ्यांचं आमेन झाल्याशिवाय घास मोडायचा नाही, ही त्या घराची जुनी रीत.

ती डोळे मिटून थांबली.

"आई, रस्सा निवतोय," प्रीती हळूच म्हणाली.

"निवू दे."

तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमधून पावलं ऐकू आली. एक नाही, दोन नाही. अनोळखी दारात माणसं घुटमळावीत, आत जागा असेल की नाही म्हणून, तशी. आवडाबाईनं डोळे उघडले नाहीत. घरात तेवढी ताटं नव्हती.

"आई," प्रशांतचा आवाज अगदी लहान झाला होता. "दारात कोण आहेत?"

"तुझ्याकडे आलेत," आवडाबाई म्हणाली. "बसा म्हण त्यांना."