सर लायोनेल यांची तर्जनी

यॉर्कशायरमधील आमच्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत नाताळच्या भोजनाचा हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, कापण्याचा अधिकार केवळ संचालकांचा. सुरी ज्याच्या हाती, प्रयोगशाळा त्याची, ही आमची सनातन श्रद्धा. १९५३ साली हा मान संचालक सर लायोनेल फॅरो यांना अखेरचा मिळाला. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते. सकाळी दहाला त्यांनी विधिपूर्वक हॅम कापला, ऊबदार हीटरशेजारी मांडला आणि मग दुपारी तीनपर्यंत स्वच्छतेचे माहात्म्य या विषयावर भाषणे झाली. ती हॅममधील जंतूंनीही शांतपणे, वाढत वाढत ऐकली.

डॉ. हेस्टर ओल्ड्रॉइड यांना मात्र घास घेण्यास सवड मिळाली नाही. बावीस वर्षांची जंतुसाधना आणि स्त्रीजन्म या दुहेरी पात्रतेमुळे चहा ओतण्याचे काम परंपरेने त्यांच्याकडे होते. सायंकाळपर्यंत एकतीस जण ओकाऱ्यांनी आडवे झाले. उभ्या होत्या त्या एकट्या हेस्टरबाई. म्हणून तपासही त्यांच्याच गळ्यात पडला. चार दिवसांत निष्कर्ष निघाला: हॅममधील जंतू आणि सरांच्या तर्जनीवरील गळवातील जंतू एकाच कुळातले.

सरांनी त्यांना खोलीत बोलावले.

"हेस्टर, हा सगळा हॅम पुरवणाऱ्या त्या टॉर्डॉफ खाटकाचा उद्योग. लिहून टाका तसं."

"त्याचं दुकान तपासलं, सर. तुमच्या बोटापेक्षा पुष्कळच स्वच्छ आहे."

"अहो, बोटाला पट्टी होती माझ्या!"

"होती ना. मला ती हॅमच्या तळाशी सापडली."

सरांनी तर्जनी खिशात घातली.

"माझी खुर्ची कुणाला द्यायची, हे समिती मलाच विचारणार आहे. तुमचंच नाव होतं माझ्या मनात."

"आणि टॉर्डॉफचं दुकान? ते बंद पडेल."

"खाटीक काय, गल्लोगल्ली मिळतात."

"संचालकही मिळतील, सर," असे म्हणून हेस्टरबाईंनी अहवालावर त्यांच्यासमोरच सही केली.

समितीने सत्यनिष्ठेचा यथोचित गौरव केला आणि खुर्ची सहकारी पेनरोज यांना दिली. त्यांचा गोल्फ खरोखरच उत्तम होता.

पुढच्या नाताळात पेनरोज सुरी उचलून उभे राहिले. हॅमकडे कोणी पाहिलेच नाही. सर्वांची दृष्टी त्यांच्या बोटांवर स्थिरावली. अंगठ्यावर गुलाबाच्या काट्याचा ओरखडा होता.

"साहेब," काचसामान धुणाऱ्या मिसेस ग्रीव्ह म्हणाल्या, "सुरी हेस्टरबाईंकडे द्या बघू. गेला नाताळ मी मोरीत ओकत काढलाय."

कोणी हसले नाही. पेनरोज यांनी बत्तीस रिकाम्या ताटांकडे पाहिले आणि सुरी पुढे केली. हेस्टरबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, दोन्ही तळवे मिसेस ग्रीव्हना दाखवले आणि पहिला काप काढला.

"मग मी काय करू?" संचालकांनी विचारले.

"चहा ओता," मान वर न करता त्या म्हणाल्या. "उकळता असतो. तुम्हालाही बिघडवता यायचा नाही."