भट्टी पेटवायचा दिवस

भट्टी एकदा पेटली की तिच्यापासून माणसाला हलता येत नाही. तान्हं मूल निदान अधूनमधून झोपतं तरी, भट्टीला झोप माहीत नाही. वारा फिरला की इकडचं तोंड बुजवा, तिकडचं उघडा. लिंपण तडकलं की चिखलाचा ओला गारा घेऊन पळा. जरा लक्ष उडालं तर एका अंगाच्या विटा जळून खंगर होतात, दुसऱ्या अंगाच्या कच्च्याच राहतात आणि सगळी मेहनत मातीत जाते. म्हणून त्या रविवारी नाल्याकाठच्या वस्तीतलं झाडून सगळं माणूस भट्टीवर होतं. गडी जळणाचं तूस ओढत होते, बाया गारा कालवत होत्या आणि ज्या म्हाताऱ्यांना काही होत नव्हतं त्या सावलीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढत होत्या. तेही काम कोणीतरी करायला लागतंच.

अक्का वरच्या अंगाला होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात गाऱ्यात. विटांचा साचा मारण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कोणी नव्हतं, आणि तोंडाच्या बाबतीत तर कोणी प्रयत्नच करत नसे. खाली आगवाले तात्या उभे. भट्टीच्या आगीचं सगळं त्यांच्याकडं, त्यांनी धुराकडं बघून सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

"अक्का, त्या कोपऱ्यातून धूर निघतोय बघ! लिंप, लिंप!"

"लिंपते हो. मला काय दहा हात आहेत?"

"दोनच आहेत, पण चालवशील तर पुरतील."

"खाली उभं राहून बोलायला काय जातंय तुमचं! वर येऊन बघा, पायाचे पापड होतात."

सगळे हसले. घामाघूम होऊन, तोंडं काळी करून हसले, कारण ही भट्टी नेहमीसारखी नव्हती. या विटा विकायच्या नव्हत्या. या विटांचा दवाखाना होणार होता आणि तो दवाखाना नाल्याच्या अलीकडं, वस्तीच्या तोंडाशी, त्या उंचवट्यावर होणार होता. जागा वस्तीनं स्वतः साफ करून ठेवली होती. दगड वेचले, झुडपं तोडली, सुतळी बांधून आखणीसुद्धा करून झाली.

नाल्याचं दुखणं ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. उन्हाळ्यात तो नाला म्हणजे नुसती वाळू, पोरं त्यात चेंडू खेळतात. पावसाळ्यात मात्र पाणी चढलं की वस्ती अलीकडं आणि जग पलीकडं. शाळा पलीकडं, दुकान पलीकडं, गाडीरस्ता पलीकडं. दोन पावसाळ्यांमागं आगवाल्या तात्यांची लेक बाळंतपणाला अडली. तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणली आणि तिथंच थांबावं लागलं. पाणी उतरायची वाट बघत माणसं काठावर उभी राहिली. पाणी उतरलं, पण तोवर लेकही गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं. तात्या तेव्हापासून आगीशी जेवढं बोलतात तेवढं माणसांशी बोलत नाहीत. अक्कानं चिडवलं तरच काय ते तोंड उघडतात.

त्या दिवशी बाजेचा पुढचा पाय धरून छातीइतक्या पाण्यात कोण उतरला होता? अक्काचा धाकटा भाऊ. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. "दवाखाना आपल्याकडं आणीन तरच तोंड दाखवीन," असं तो काठावर छाती बडवून म्हणाला. म्हणून तर वस्तीनं त्याला पंचायतीत निवडून दिला. एक मत इकडचं तिकडं झालं नाही. आता सगळे त्याला मेंबर म्हणत. अक्का एकटी अजून बाळा म्हणायची. आई गेली तेव्हा तो दुधावरचा होता, तो अक्काच्याच काखेत वाढला.

त्यानंच सांगितलं होतं, "अक्का, पंचायतीचं नक्की झालंय. ज्यांची अडचण जास्त त्यांना आधी, असं सरपंच स्वतः म्हणाले. आपण विटा फुकट देतो म्हटल्यावर तर सगळे खूशच झाले. फक्त उशीर करू नका. रविवारीच भट्टी पेटवा."

"आणि गावसभा? तिथं हात वर केल्याशिवाय काही पक्कं होत नाही म्हणतात."

"ती अजून ठरायचीये गं. ठरली की मी सांगायला येतोच ना!"

अक्कानं तेवढ्यावर मान डोलावली. तिला दवाखाना हवा होता, अगदी जिवाच्या आकांतानं हवा होता, कारण तिच्या सुनेचे दिवस ऐन पावसाळ्यात भरणार होते. पोरीचं पहिलंच होतं. तिच्याकडं बघितलं की अक्काला ती बाज आठवायची.

ऊन कलायला लागलं तेव्हा दूधवाला किटल्या वाजवत नाल्यातून वर आला. भट्टीवर सगळी वस्ती बघून तो सायकलवरून उतरलाच.

"तुम्ही सगळे इथं? मग सभेला कोण गेलंय तुमच्यातलं?"

"कसली सभा?" अक्कानं वरूनच विचारलं.

"अहो, दवाखान्याची! काल दिवसभर भोंगा फिरत होता गावात. सभागृह नुसतं फुललंय. मी निघालो तेव्हा सुरू झाली होती."

अक्काच्या हातातला गारा गळून पडला. तिनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी भट्टीकडं बघितलं. सगळी वस्ती उठून गेली तर भट्टी गेली, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

"तू जा," तात्या म्हणाले. "तुझा कोपरा मी बघतो."

अक्का तशीच सुटली. पदर खोचलेला, हात चिखलाचे, पायात काही नाही. वाळू तापलेली होती, तिला जाणवलीही नाही. मनाला समजावत होती, बाळा आहे तिथं. बाळा आहे म्हटल्यावर काळजी कसली! त्याला सांगायला वेळ मिळाला नसेल.

सभागृहात पोचली तेव्हा माणसं उठायला लागली होती. चहाचे कप फिरत होते. पुढच्या टेबलाशी सरपंच बसलेले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मेंबर. अंगावर नवी कोरी शाल. दवाखान्याच्या कमिटीचा अध्यक्ष केला होता त्याला.

"या, अक्का, या," सरपंच गोड हसले. "जरा उशीर केलात. पण आनंदाची बातमी आहे. दवाखाना मंजूर. गाडीरस्त्याला लागून, माझ्याच शेताच्या कडेला. जागा मीच देतोय."

"रस्त्याला लागून? म्हणजे पलीकडं... म्हणजे इकडंच?"

"हो. सर्वानुमते. एकही हात विरोधात नाही."

"विरोधातले हात भट्टीवर आहेत, सरपंच! आम्हाला सांगितलं कोणी?"

"सभा सगळ्यांना खुली होती, अक्का. आणि तुमच्या वस्तीच्या वतीनं मेंबरांनी संमती दिली की. दवाखाना सगळ्यांचा आहे. त्याचं दार तुम्हाला काही बंद नाही."

"दार नाही हो बंद, नाला बंद असतो! सगळा पावसाळा! आमच्या बायांनी काय उन्हाळ्यातच बाळंत व्हायचं?"

दोघंतिघं हसले. विनोद झाला असं त्यांना वाटलं. सरपंचांनी घड्याळ बघितलं आणि मेंबर अक्काचा दंड धरून तिला बाहेर ओट्यावर घेऊन आला. तिच्या हाताचा गारा शालीला लागला तसा त्यानं हात सोडला आणि शाल झटकली.

"अक्का, चारचौघांत तमाशा नको. जरा समजून घे. डॉक्टर आपल्याकडं राहायला तयार नाही. रस्ता नाही, वीज धड नाही. इकडं झाला तर निदान होईल तरी."

"मग हे आम्हाला सांगायचं होतंस. आम्ही आलो असतो, भांडलो असतो, हरलो असतो. आजच सभा आहे हे का नाही सांगितलंस?"

"ऐनवेळी ठरली गं."

"भोंगा काल दिवसभर फिरत होता."

तो शालीवरचा डाग चोळायला लागला.

"बाळा, माझ्याकडं बघ. रविवारी भट्टी पेटवा, हे कोण म्हणालं होतं?"

तो बघेना. रस्त्याकडं बघत राहिला. आणि अक्काला सगळं एकदम कळलं. सरपंचाला भट्टीतलं काय कळतंय? त्याला विटेचा तेवढा रंग माहीत. पेटल्या भट्टीला सोडून वस्तीतलं माणूस हलत नाही हे ज्याला माहीत आहे असा या सभागृहात एकच जण होता. भट्टीच्याच राखेत रांगलेला. त्यानं दिवस बरोबर निवडला होता. केसानं गळा कापला होता आणि वर तिच्याकडूनच भट्टी पेटवून घेतली होती.

"तात्यांची लेक तुझ्या हातावर गेली रे," ती एवढंच म्हणाली.

"ते मी विसरलोय का? पण राजकारणात सगळं मनासारखं होत नाही. तू घरी जा. आणि हे बघ, विटा मात्र वेळेवर लागतील. मी शब्द दिलाय."

शब्द दिलाय म्हणे! अक्का माघारी फिरली. नाल्यात उतरेपर्यंत तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात गाऱ्याचे होते.

भट्टी उतरली. थंड झाली, उघडली. विटा निघाल्या त्या अशा की एकीवर एक आपटली तर भांड्यासारखी वाजावी. वस्तीनं त्या गुपचूप रचून ठेवल्या. पोरांपैकी काहींचं म्हणणं होतं, फोडून टाकू. काहींचं म्हणणं, दुसरीकडं देऊन टाकू. अक्का काहीच बोलत नव्हती, आणि अक्का बोलत नाही म्हटल्यावर वस्तीला चैन पडत नव्हतं.

मग एका सकाळी ट्रॅक्टर आला. मेंबर पुढं बसलेला. शाल नव्हती, नुसता सदरा. तो उतरून नेहमीसारखा हसला, पण कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. तात्या विटांच्या थप्पीवर बसले होते. ते उठले नाहीत.

"राग आहे, मला माहितीय," मेंबर म्हणाला. "पण डोकं शांत ठेवून विचार करा. विटा दिल्या नाहीत तर दवाखाना इकडंही नाही आणि तिकडंही नाही. मग सगळं गाव तुम्हालाच नावं ठेवेल. नाल्यापलीकडच्यांनी दवाखाना अडवला म्हणतील."

यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जात होती. सगळे अक्काकडं बघायला लागले. तेवढ्यात गर्दीतून सूनच पुढं आली. जड पावलानं, कमरेवर हात ठेवून. एरवी मामेसासऱ्यांसमोर तिचा शब्द फुटायचा नाही.

"मी म्हणते विटा देऊया," ती सासूला म्हणाली. "पलीकडं का होईना, दवाखाना होईल. मामा, पाणी चढायच्या आधी मी तुमच्याकडं राहायला येते. बाळंतपण होईपर्यंत. तुमचं नवं घर तिथंच आहे ना, रस्त्याला?"

मेंबरचं घर सरपंचाच्या शेताच्या अगदी अंगाला होतं. ते बांधताना वस्तीनं विटा दिल्या होत्या आणि अक्कानं पायाच्या वेळी डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, चला, गाठ सुटली. अक्काच्याही चेहऱ्यावर जरा उजेड आला. काही झालं तरी पाठचा भाऊ. त्यानं आत्ता "ये" म्हटलं असतं तर तिनं बाकी सगळं गिळलं असतं. स्वतः ट्रॉली भरायला लागली असती.

"हो... म्हणजे, यायला काय," मेंबर म्हणाला. मान खाजवली. "तुझ्या मामीला विचारावं लागेल. मेंबरचं घर म्हणजे सारखी माणसांची वर्दळ. त्यात बाळंतिणीचं सगळं... बघू. जवळ आलं की बघू."

सुनेनं मान खाली घातली आणि पदर ओढून घेतला. ते बघून अक्काच्या आत काहीतरी तुटलं ते तुटलंच.

"ट्रॅक्टर वळव," ती म्हणाली.

"अक्का..."

"वळव म्हणते ना. या विटांची खोली आम्ही इथंच बांधणार. आखणी झालेलीच आहे. गवंडी आपल्यात आहेत, माती आपली आहे."

"बांधाल गं. चार भिंती कोणीही बांधेल. त्यात नर्स कोण पाठवणार? औषध कोण देणार? त्याला पंचायतीचा ठराव लागतो."

"लागू दे. पुढच्या सभेला सगळे येऊ. लंगडे, पांगळे, पोटुशा बाया, सगळे. भट्टी थंड ठेवू आणि येऊ."

मेंबरनं सुटकेचा श्वास सोडला. बहीण भांडायला का होईना, सभेपर्यंत आली होती. तो पुन्हा गोड झाला.

"हे बरोबर बोललीस. रीतसर मागा, मी आहे ना तिथं. सभा ठरली की मीच येऊन सांगतो."

"नको," अक्का म्हणाली. "तू सांगू नकोस. आम्ही कोणा परक्याला विचारू."

मेंबर ट्रॅक्टरवर चढून बसला. रिकामी ट्रॉली खडखडत नाल्यात उतरली. अक्का तात्यांच्या शेजारी त्या थप्पीवर बसली आणि आई गेली तेव्हा रडली नव्हती तेवढी रडली.