उजवा कान

पाण्याबाहेर आलं की मान तिरकी करायची, एका पायावर उड्या मारायच्या आणि दोन्ही कान कोरडे करायचे, हे पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून घोकून घेतलं. स्वतःच्या पोरीला मात्र सांगायचं राहून गेलं. सुट्टीपुरती आलेली अकरा वर्षांची पोर. दिवसाकाठी चार-चार तास ती तलावात पडलेली असायची आणि तिला बाहेर काढणं बापाच्या जिवावर यायचं. तलावावरचे लोक तिला बेडकी म्हणत. तिला ते फार आवडायचं.

मंगळवारी बेडकीचा उजवा कान सुजला, आणि विमान होतं शनिवारी.

डॉक्टरीणबाईंनी कानाची पाळी नुसती ओढली, तशी ती किंचाळली. आतली वाट सुजून पार बंद झाली होती. बाईंनी चिमट्यानं एक बारीकशी वात आत सरकवली आणि थेंबांची बाटली मास्तरांच्या हातात दिली.

"दिवसातून चार वेळा, चार-चार थेंब. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. आणि पाणी अजिबात नको."

"शनिवारी ती आईकडे चाललीय. विमानानं."

"मला अजून पडदाच दिसत नाहीये, मास्तर. शनिवारी सकाळी आणा. पडदा स्वच्छ असला आणि दुखणं थांबलं असलं, तर जाऊ दे. नाहीतर मी नाही सोडणार."

दुसऱ्या कुठल्या बापाला हे ऐकून मनातून गुदगुल्या झाल्या असत्या. मास्तर मात्र धास्तावले, आणि त्याला कारण ते स्वतःच होते. कोर्टानं शाळेचं वर्ष आईला दिलं होतं आणि सुट्टी बापाला. गेल्या वर्षी या गृहस्थांनी पोरीला ताप आल्याची थाप मारली, ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळवली आणि तिला चार दिवस जास्त ठेवून घेतलं. ताप कसला नि काय! थर्मामीटर डबीतून बाहेरसुद्धा निघाला नव्हता. पुढं पोर आईजवळ सहज बोलून गेली आणि वकिलाचं पत्र आलं: पुन्हा एक दिवस जरी उशीर झाला, तर सुट्ट्या कायमच्या बंद करून घेऊ.

"गेल्या वर्षी ताप, यंदा कान," फोनवर आई म्हणाली. "पुढच्या वर्षी काय, पाय मोडणार?"

"अगं, खरंच सुजलाय."

"चिठ्ठी पाठवशील ना? पाठव, पाठव."

पोरीपुढं कोर्टाचा विषय काढायचा नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्या दोघांचं एकमत होतं. त्यामुळं बेडकीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग सुरू झाले थेंब. ती मास्तरांच्या मांडीवर डोकं ठेवून डाव्या कुशीवर पडायची. थेंब आत उतरेपर्यंत पाच मिनिटं हलायचं नाही, म्हणून बडबड करायची: वर्गातल्या मुली, आईचं नवं घर, तिथं तलाव नाही ते. मास्तर हं-हं करत तिचे केस मागं सारत राहायचे. आपल्याच हातानं आपण हिला बरी करतोय आणि बरी झाली की ही जाणार, या विचारानं त्यांना अक्षरशः रडू यायचं. पण एकही वेळ त्यांनी चुकवली नाही.

शनिवारी सकाळी बाईंनी वात काढली, आत उजेड टाकला.

"छान. पडदा स्वच्छ आहे." त्यांनी पाळी ओढली. "आता दुखतंय?"

"आई गं! खूप दुखतंय," बेडकी म्हणाली. "विमानात फुटेल माझा कान."

बाईंनी पुन्हा आत पाहिलं. "दिसायला तर बरा झालाय. पण एवढं दुखत असेल तर चार दिवस थांबवू, मी लिहून देते. घरी काय म्हणत होती, मास्तर?"

बेडकीनं बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत हसू होतं, अगदी दोघांनी मिळून खोडी काढल्यासारखं. आता बाबा काय म्हणणार, याची तिला पक्की खात्री होती.

"नाही दुखत," मास्तर म्हणाले. "काल दुपारपासून नाही. आज तर त्याच कानावर झोपली होती."

बेडकीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती रडली नाही, वाद घातला नाही. खुर्चीवरून उतरली आणि चपला घालायला लागली.

विमानतळाकडे जाताना टॅक्सीत मास्तर तिच्या उजव्या बाजूला बसले होते. सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती.

"पुढच्या सुट्टीत पहिल्याच दिवशी ये हं," ते म्हणाले.

ती काचेवर बोटानं रेघा ओढत राहिली.

"ऐकतेस ना? पहिल्याच दिवशी."

"मला त्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी टॅक्सी कडेला घ्यायला लावली. ते उतरले, गाडीला वळसा घातला, दार उघडून तिला पलीकडे सरकवलं आणि तिच्या डाव्या बाजूला येऊन बसले.

"अगं, तू पुन्हा यावीस म्हणूनच मी..."

बेडकीनं डावा कान तळहातानं घट्ट झाकून घेतला.