अंड्याचा वास

थोरल्या सिस्टरांना ओकारीची भारी किळस, आणि नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डातली. बावीस वर्षांत रक्त, घाण, सगळं त्यांनी पचवलं. ओकारी तेवढी पचली नाही. म्हणून नियम कडक: कळा सुरू झाल्या की तोंडात काही नाही.

त्या सकाळी एकीच्या उशीखाली बिस्किटं सापडली. सिस्टरांनी पुडा सगळ्यांदेखत कचऱ्यात भिरकावला. "कळा देतेस की चरतेस? भूल दिल्यावर हे वर आलं, तर थेट फुप्फुसात जाईल. मग बाळाला कोण पाजणार, मी?"

शेजारच्या खाटेवरची पहिलटकरीण भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुपारी तिच्याच बाळाचे ठोके मंदावले. तिला घाईघाईने टेबलावर घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय का? खाल्लं असेल तर पाठीत सुई देऊ, नाहीतर पूर्ण झोपवतो."

तिने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. सिस्टरांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

तिला पूर्ण झोपवलं, आणि घशात श्वासाची नळी जाण्याआधीच सगळं वर आलं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा लगदा, पावाचे गोळे, आंबट पाणी, नाकातोंडातून. सिस्टरांच्याही घशाशी आलं. तरी त्यांनी तिचं डोकं वळवलं, ओढून घेणारी नळी तोंडात घातली. नळीत अंड्याचा पांढरा तुकडा अडकला, तो बोटाने उपसला. बाळ रडलं तेव्हा आई निळी पडली होती.

चौथ्या दिवशी ती श्वासाच्या यंत्रावरून सुटली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आईने डबा आणला होता. भुकेने जीव कासावीस झाला होता हो. डॉक्टरांना सांगणार होते, पण तुम्ही समोरच उभ्या होतात."

सिस्टरांनी बेसिनपाशी जाऊन तीनदा हात धुतले. वास जाईना. अंड्याची किळस कधीच मागे पडली होती. आता स्वतःच्या जिभेची येत होती. कचऱ्याच्या डब्याकडे बघवेना.

संध्याकाळी नवी बाई दाखल झाली. सिस्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "काय खाल्लंस गं? सांग, मी रागावणार नाही."

बाईने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने डोळ्यांनी खुणावलं.

"काही नाही, सिस्टर," बाई म्हणाली. तिच्या ओठाला पावाचा चुरा चिकटला होता.